आधणापासून गाळणीपर्यंत : चहाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घरच्या चहाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन केले होते. नागपुरातल्या महालापासून हिंगण्यापर्यंतच्या वाचकांनी मनापासून लिहिले. बहुतेकांनी पहिला प्रश्न 'कोणती पत्ती घ्यावी' असाच विचारला आहे. पत्तीला महत्त्व आहेच. परंतु आलेल्या तक्रारी एकापुढे एक ठेवून वाचल्या, तेव्हा चहा बिघडण्याचे कारण बहुतेक ठिकाणी वेगळेच दिसले. कोणती वस्तू आधणात केव्हा पडली आणि किती वेळ राहिली, यावर बरेचसे अवलंबून असते. म्हणून उत्तरांत मी क्रम आणि वेळ यांवरच अधिक भर दिला आहे. जागेअभावी काही पत्रे संक्षेपाने छापत आहोत.

प्रश्न : ताई, आमच्याकडे रोज सकाळी चार माणसांचा चहा होतो. पाणी, दूध, साखर, पत्ती आणि आले एकदमच गंजात घालून मी दहा मिनिटे उकळते. रंग छान येतो, पण चहा कडू लागतो आणि घशात काही अडकून राहिल्यासारखे वाटते. दोनदा पत्ती बदलून पाहिली, तरी फरक पडला नाही. (मानेवाडा)

उत्तर : आपण 'कडू' असा शब्द वापरला आहे, परंतु घशात काही राहिल्यासारखे वाटणे हे तुरटपणाचे लक्षण आहे, आणि हा फरक ओळखला की चूक लगेच सापडते. कडूपणा जिभेला कळतो. तुरटपणा कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जसा जाणवतो तसा हिरड्या आणि टाळू कोरडे करतो. चहाच्या पानातील टॅनिनसारखी द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात, म्हणून तोंड असे आवळल्यासारखे होते.

आपण रोज वापरतो ती दाणेदार पत्ती सीटीसी पद्धतीची असते. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. तिच्यात पान दातेरी रुळांमधून जाते. तेथे ते चिरडले, फाडले आणि वळवले जाते, आणि त्यामुळे पानाच्या पेशी कारखान्यातच फुटलेल्या असतात. अशा दाण्यातून रंग, कडकपणा आणि स्वाद दोन-तीन मिनिटांतच पाण्यात उतरतो. त्यापुढे उकळत राहिल्यास नवा स्वाद फारसा मिळत नाही, असलेला सुवास वाफेबरोबर निघून जातो आणि तुरटपणा मात्र वाढत राहतो. पत्ती बदलूनही फरक पडला नाही, याचे कारण हेच आहे.

चार कपांसाठी सुमारे ४०० मिलिलिटर पाण्याचे आधण ठेवावे. त्यात बोटाच्या पेराएवढे आले खलबत्त्यात ठेचून घालावे आणि साखरही तेव्हाच टाकावी. तीन-चार मिनिटे उकळल्यावर सपाट चार चमचे पत्ती घालून आच मंद करावी आणि दोन मिनिटे थांबावे. या वेळी चमचाभर आधण उजेडाकडे धरून पाहावे. ते लालसर तपकिरी आणि आरपार दिसणारे असावे. काळपट होऊ लागले असेल, तर वेळ टळून गेली असे समजावे. मग दुसऱ्या शेगडीवर तापवलेले २५० मिलिलिटर दूध घालून आच वाढवावी, चहा एकदा वर येऊ द्यावा, आच कमी करून पुन्हा एकदा येऊ द्यावा आणि गॅस बंद करून मिनिटभर झाकण ठेवावे. दुधातील केसिन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवते, म्हणून दुधाचा चहा कोऱ्या चहापेक्षा मवाळ लागतो. तरीही दहा मिनिटांच्या उकळीतून आलेला सगळा तुरटपणा दुधाने झाकला जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

माझ्या सासूबाई घड्याळ न पाहता चहा करीत. पत्ती टाकली की त्या फडताळातून कपबश्या काढून पुसत आणि ओट्यावर ओळीने मांडत. शेवटची बशी मांडून झाली की दूध घालायची वेळ झालेली असे. लग्नानंतर पहिले वर्षभर मला ती नुसती टापटीप वाटत होती. तेच त्यांचे मोजमाप होते, हे मला फार उशिरा कळले.

प्रश्न : सीताबर्डीवर किंवा फुटाळ्यावर मिळणाऱ्या चहासारखी चव घरी का येत नाही? (धरमपेठ)

उत्तर : मुख्य फरक दुधाचा आणि साखरेचा आहे. टपरीवरचे दूध सतत मंद आचेवर असते, त्यामुळे ते आटून दाट आणि किंचित गोडसर होते. घरी येणाऱ्या टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीम दुधात ६ टक्के. टोन्ड दुधाच्या चहातून तो दाटपणा मिळणार नाही. फुल क्रीम दूध घेऊन ते वेगळ्या भांड्यात सात-आठ मिनिटे आटवावे आणि मगच चहात घालावे. साखर टपरीइतकी घालावी की नाही, हे आपण आपल्या प्रकृतीप्रमाणे ठरवावे. माझ्या मते रोजच्या चहाला ती अर्धी पुरते.

प्रश्न : आल्याचा चहा करताना माझे दूध वरचेवर फाटते. गुळाचा चहा केला, तर हमखास फाटतो. गेल्या दिवाळीत पाहुण्यांसमोर दोनदा चहा टाकून द्यावा लागला. दूध ताजेच होते. (नंदनवन)

उत्तर : आपली अडचण मला चांगली समजते, कारण पाहुणे बैठकीत बसलेले असताना गाळणीत दुधाचे कण दिसले की जीव कासावीस होतो, हे मीही अनुभवले आहे. आले आणि गूळ यांची कारणे मात्र निराळी आहेत, तेव्हा ती वेगवेगळी सांगते.

कच्च्या आल्यात प्रथिनांचे तुकडे करणारे एक विकर असते. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला ते सर्वांत जोमाने काम करते आणि उकळत्या पाण्यात निष्क्रिय होते. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात याच गुणाचा उपयोग करून, आल्याच्या रसावर गरम दूध ओतून दह्यासारखे घट्ट गोड करतात. आपल्या गंजात तेच नकळत घडते : दूध तापत असताना त्यात कच्चे आले पडले, तर दूध ६० अंशांवरून उकळीपर्यंत जाईतो विकराला भरपूर सवड मिळते. उपाय सोपा आहे. आले नेहमी पाण्यात घालावे, ते तीन मिनिटे खळखळून उकळू द्यावे आणि त्यानंतरच दूध घालावे, तेही गरम. आल्याचा रस काढून वरून घालण्याची पद्धत काही घरांत आहे. दुधाच्या चहासाठी ती टाळावी.

गुळाचे तसे नाही. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, त्यात क्षारही असतात, आणि उकळत्या दुधात या दोन्हींमुळे केसिनच्या गुठळ्या होतात. सर्वच गूळ सारखा नसल्याने एका ढेपेच्या गुळाने दूध फाटते आणि दुसऱ्याने फाटत नाही, असेही आढळते. म्हणून खात्रीची रीत अशी : चहा गुळावाचून पूर्ण करावा, गॅस बंद करावा, चहाची खळखळ थांबू द्यावी आणि मग बारीक चिरलेला गूळ घालून ढवळावे. विरघळला की लगेच गाळावे आणि तो चहा पुन्हा गॅसवर ठेवू नये. मी तर गूळ कपातच घालते आणि त्यावर चहा गाळते. तसे केल्यापासून आमच्याकडे चहा फाटलेला नाही.

एक गोष्ट आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याची. मे महिन्यात दुपारी अर्धा तास बाहेर राहिलेले दूध वासाला ताजे वाटते, पण आतून आंबू लागलेले असू शकते आणि ते तापवताच फुटते. अशा दिवसांत दूध आधी वेगळ्या भांड्यात उकळून घ्यावे. फुटायचे असेल तर ते तेथेच फुटेल आणि निदान चहा वाचेल.

प्रश्न : आम्ही शहराबाहेर नव्या वस्तीत राहायला आलो. येथे बोअरचे पाणी आहे. कोऱ्या चहावर तेलकट पापुद्रा येतो, कपाला डाग पडतात आणि चहा मळकट दिसतो. तीच पत्ती आईकडे इतवारीत चांगली लागते. (बेसा)

उत्तर : आपण तुलना फार नेमकी केली आहे. नागपूर शहराला मुख्यतः पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी मिळते. बोअरचे पाणी जमिनीतील खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन येते. या दोन्हींच्या उपस्थितीत चहातील द्रव्यांचा हवेशी संयोग होतो आणि पृष्ठभागावर तो पापुद्रा धरतो. तो तेलाचा नसतो, त्यामुळे पत्तीत भेसळ असल्याची शंका मनातून काढून टाकावी. शिवाय असे पाणी अल्कधर्मी असल्याने चहाचा रंग गडद आणि निस्तेज होतो.

चहापुरते पाणी आदल्या रात्री दहा मिनिटे उकळून झाकून ठेवावे आणि सकाळी वरचे निवळ पाणी हलकेच ओतून घ्यावे. तळाशी पांढरा साका दिसेल. तो पाण्यातून निघालेल्या क्षारांचा आहे. कोऱ्या चहात लिंबाचे दोन-तीन थेंब पिळले, तरी पापुद्रा धरत नाही आणि रंगही उजळतो. घरी आरओ यंत्र असेल तर तेही पाणी चालेल, परंतु त्यातील क्षार फारच कमी केलेले असले, तर चहा पचपचीत लागतो. तेव्हा त्यात थोडे उकळून निवळलेले पाणी मिसळून पाहावे.

प्रश्न : मुलाने सिलिगुडीहून दार्जिलिंग चहाचे महागडे पाकीट आणले. नेहमीसारखा दूध घालून उकळला, तर तो पाण्यासारखा झाला. फसवणूक झाली का? (प्रतापनगर)

उत्तर : चहाकडे पाहून तरी तसे वाटत नाही. दार्जिलिंगचा चहा बहुतांशी ऑर्थोडॉक्स पद्धतीने करतात. त्यात पान चिरडत नाहीत, हलकेच वळतात. त्याचा मोठेपणा रंगात नसून सुवासात आहे, आणि तो दुधाखाली दबतो. पाकिटावर 'फर्स्ट फ्लश' लिहिले असेल, तर ती मार्च-एप्रिलच्या सुमाराची पहिली खुडणी आहे; तिचा चहा फिकट सोनेरी होतो आणि त्याला फुलांसारखा वास असतो. 'सेकंड फ्लश' ही मे-जूनची खुडणी आहे. ती अधिक भरदार असते आणि तिला पिकलेल्या द्राक्षांची आठवण करून देणारा सुवास असतो.

हा चहा गंजात उकळू नये. चिनी मातीच्या किंवा काचेच्या किटलीत आधी गरम पाणी फिरवून ते टाकून द्यावे, मग एका कपाला सुमारे २ ग्रॅम पाने घालावीत. पाने मोठी आणि हलकी असल्याने चमच्याचा अंदाज चुकतो. घरी वजनकाटा असल्यास तो एकदा तरी वापरावा. सेकंड फ्लशला नुकतेच उकळी थांबलेले पाणी घालून चार मिनिटे झाकून ठेवावे. फर्स्ट फ्लशला सुमारे ९० अंशांचे पाणी आणि तीनच मिनिटे पुरतात.

आता ९० अंश कसे ओळखायचे? मी थर्मामीटर वापरत नाही, हिशेब करते. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी सुमारे ९९ अंशांना उकळते. सात वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधे पिण्याचे पाणी मिसळले की मिश्रण ९० अंशांच्या आसपास येते. तीन वाट्यांत एक वाटी मिसळली, तर ८० अंशांच्या. पाणी निवायला ठेवून घड्याळ पाहण्यापेक्षा ही रीत भरवशाची आहे, कारण मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात पाणी लवकर निवत नाही. दार्जिलिंग सुमारे २००० मीटर उंचीवर आहे, तेथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजे तेथल्या माणसाला ही मिसळामिसळ एवढी करावी लागत नाही.

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी ग्रीन टी सुरू केला. पिशवी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवते, म्हणजे सर्व सत्त्व उतरेल. पण तो पिववत नाही. (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : दहा मिनिटे ठेवू नये. या चहाचे पान खुडल्यावर लगेच तापवतात, जपानमध्ये वाफेवर आणि चीनमध्ये बहुतेक कढईत, म्हणजे ते काळे पडत नाही. अशा पानातून उकळते पाणी कडू द्रव्ये भराभर ओढून काढते. वर सांगितल्याप्रमाणे तीन वाट्यांत एक वाटी साधे पाणी मिसळून त्यात दोन मिनिटे पिशवी ठेवावी आणि न पिळता काढावी. सुटी पाने असतील, तर तीच पाने दुसऱ्या कपालाही चालतात. वजनाविषयी मात्र या चहाकडून फार आशा ठेवू नये. आवडला तर चवीसाठी प्यावा आणि उपाशीपोटी जळजळत असेल, तर न्याहारीनंतर घ्यावा.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारी गार चहा करायचा असतो. गरम कोरा चहा करून फ्रीजमध्ये ठेवला की तो गढूळ होतो. (सक्करदरा)

उत्तर : कडक चहा गार होताना त्यातील कॅफिन आणि रंगद्रव्ये एकमेकांशी जुळून बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतात, त्यामुळे तो गढूळ दिसतो. तो खराब झालेला नसतो. थोडे गरम पाणी घातले की पुन्हा निवळतो. परंतु गार चहासाठी गरम पाणी लागतच नाही. एक लिटर पिण्याच्या गार पाण्यात ८ ते १० ग्रॅम मोठ्या पानांचा चहा घालून बरणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी आणि सकाळी गाळावी. गार पाण्यात तुरटपणा कमी उतरतो, त्यामुळे साखरही कमी लागते. प्यायच्या वेळी लिंबू आणि पुदिना घालावा. काही जण बरणी गच्चीवर उन्हात ठेवतात; तसे मुळीच करू नये, कारण ते कोमट पाणी जंतूंच्या वाढीला पोषक असते. फ्रीजमधला चहाही दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा.

प्रश्न : संत्र्याच्या साली घालून चहा करता येतो का? हंगामात घरी ढीगभर साली निघतात. (काटोल रोड)

उत्तर : येतो आणि फार सुरेख होतो, परंतु कोराच करावा, दुधाशी त्या सुवासाचे जमत नाही. फळ सोलण्यापूर्वी कोमट पाण्याने चोळून धुवावे. सालीच्या आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढावा, कारण कडूपणा त्यात असतो. साली सावलीत कडक वाळवाव्यात आणि बरणीत भराव्यात. एका कपाला अंगठ्याच्या नखाएवढे दोन तुकडे पुरतात. ते पत्तीबरोबर आधणात घालून लगेच झाकण ठेवावे, नाहीतर तेलाचा सुवास स्वयंपाकघरात पसरतो आणि कपात उरत नाही. गवती चहालाही हीच काळजी घ्यावी. त्याची पाती कात्रीने बारीक कापून आधी तीन मिनिटे पाण्यात झाकून उकळावीत आणि पत्ती नंतर टाकावी.

प्रश्न : पावसाळ्यात पत्तीला मसाल्याचा वास लागतो. (जरीपटका)

उत्तर : पत्ती वास आणि ओल दोन्ही फार लवकर ओढून घेते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ती ठेवावी, डबा मिसळणाच्या डब्यापासून आणि गॅसच्या वरच्या फळीपासून दूर असावा आणि चमचा नेहमी कोरडा असावा. फ्रीजमध्ये ठेवू नये. महिन्याला पुरेल एवढीच पत्ती आणावी.

प्रश्न : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीस बायका येतील. गेल्या वर्षी मोठ्या पातेल्यात चहा केला. पहिल्या दहा जणींना चांगला लागला आणि शेवटच्यांना काढ्यासारखा. (अयोध्यानगर)

उत्तर : मोठे पातेले गॅस बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. पत्ती तशीच आत असली, तर तिच्यातून तुरटपणा उतरतच राहतो. पहिल्या आणि शेवटच्या कपात अर्ध्या तासाचे अंतर पडले की एवढा फरक पडणारच. त्यातच चहा पुन्हा पुन्हा तापवला गेला असेल, तर काढा झाल्यावाचून राहत नाही.

अशा वेळी चहाचा अर्क आणि दूध वेगवेगळे ठेवावे. १०० मिलिलिटरचे चाळीस कप म्हणजे चार लिटर चहा. त्यासाठी दोन लिटरला थोडे अधिक पाणी घेऊन त्यात ठेचलेले आले आणि पाव किलोला थोडी कमी साखर घालावी. ६० ते ७० ग्रॅम पत्ती धुतलेल्या मलमलीच्या फडक्यात सैल बांधावी, म्हणजे पत्तीला फुगायला जागा राहील. आले उकळल्यावर ही पुरचुंडी आधणात सोडावी, आच मंद करावी आणि चार मिनिटांनी काढून घ्यावी. सुट्या पत्तीपेक्षा बांधलेल्या पत्तीला वेळ थोडा जास्त लागतो. हा अर्क थर्मासमध्ये भरून ठेवावा. दोन लिटर दूध दुसऱ्या पातेल्यात गरम असू द्यावे. बायका जशा येतील तसा आठ-दहा कपांपुरता अर्क आणि तेवढेच दूध लहान गंजात एकत्र करून एक उकळी आणावी आणि लगेच द्यावा. वेलचीची पूड या शेवटच्या उकळीतच घालावी, म्हणजे शेवटच्या कपालाही तिचा वास येईल.

पुरचुंडी बाहेर काढल्यावर ती पिळण्याचा मोह होतो, कारण तिच्यात बराच गडद चहा उरलेला दिसतो. ती पिळू नये. झाऱ्यावर ठेवून जेवढे आपोआप गळेल तेवढेच घ्यावे.